उशीचे अभ्रे, मार्चमधली सकाळ

उशीला अभ्रा घालायचा तर ती हनुवटीखाली दाबून धरावी लागते. दोन्ही हात अभ्र्याच्या तोंडाशी गुंतलेले, मान खाली. मग एक हिसका बसतो आणि उशी आत उतरते. कोपरे भरले नसतील तर बाहेरून दोन थापट्या. अर्ध्या मिनिटाचं काम. ते करणाऱ्या बाईकडे टक लावून पाहावं असं कुणाला वाटत नाही, आणि कुणी पाहत राहिलंच तर ती म्हणेल, 'बघत काय उभी राहिलीस, ती दुसरी उशी दे इकडे.'

कॅरोलाइन वॉकर ही स्कॉटिश चित्रकर्ती मात्र पाहत उभी राहिली. अभ्रे बदलणारी बाई तिची आई होती. २०२० साली एडिनबरोच्या इंगल्बी गॅलरीत वॉकरची जी चित्रं लागली, त्या प्रदर्शनाचं नाव 'जॅनेट'. जॅनेट हे आईचं नाव. चित्रांत घडतं काय? आई अभ्रे बदलते. आई बेसिन घासते. आई स्वयंपाकघरात फिशकेक करते, म्हणजे उकडलेला मासा आणि बटाटा कुस्करून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतात ते. आपल्या कटलेटचे लांबचे नातेवाईक. रात्री पांघरुणाच्या कडा खोचते. प्रदर्शनाचा विषय एवढाच.

घर आणि कुटुंब हा विषय चित्रकलेत जुना आहे, आणि त्यावर लिहायचं तर शंभर चित्रकार घेता येतील. मी या प्रकरणात या एका प्रदर्शनाचा हात सोडणार नाही, कारण एक साधा प्रश्न इथे सहज विचारता येतो आणि तो इतर चित्रांनाही लावून पाहता येतो. घरातल्या माणसाचं काम रंगवणारा चित्रकार नेमका कुठे उभा असतो?

आधी चित्रांची नावं पाहू. 'अभ्रे बदलणं, ऐन सकाळ, मार्च'. 'फिशकेक करणं, उतरती दुपार, डिसेंबर'. 'पांघरूण खोचणं, रात्र पडताना, मार्च'. काम, वेळ, महिना. आई हा शब्द नावात नाही, घर नाही, माया नाही, आठवण तर नाहीच. रखवालदाराच्या किंवा नर्सच्या नोंदवहीत असतात तशा या नोंदी आहेत. पण त्यात एक मख्खी आहे. घरचा दिवस घड्याळाने चालत नाही, कामांनी चालतो. आपल्याकडेही सडा-सारवण, न्याहारी, दुपारची आवराआवर, दिवेलागण अशी वेळेची नावं कामावरूनच पडली आहेत. वॉकर काम आणि वेळ शेजारी ठेवते तेव्हा त्या दोन गोष्टी एकमेकींची नावं आहेत असं वाटू लागतं. स्कॉटलंडमध्ये डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे त्या 'उतरत्या दुपारी' स्वयंपाकघरात दिवा लागलेला असणार आणि बाहेर काळोख दाटत असणार, हे चित्र पाहण्याआधीच महिन्याच्या नावाने सांगून टाकलं. मार्च या शब्दाचं तर नशीबच पालटलं. २०२० मध्ये ही चित्रं भिंतीवर लागली तोवर जगाला मार्च महिना एकाच कारणासाठी, टाळेबंदीसाठी, आठवत होता. घरात कोंडून घातलेल्या, दिवसाला तीनदा ओटा पुसायला शिकलेल्या लोकांसमोर ही चित्रं आली.

काम आणि वेळेची अशीच नोंद सरकारही ठेवतं. भारतात २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. प्रगणक घरात जाऊन विचारायचे, काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासात काय केलंत? घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. अशी कामं करतो म्हणणाऱ्या पुरुषांची ९७. आकडा मोठा आहे आणि तो चर्चेत यायलाच हवा. मात्र त्या रकान्यांत भरलेली प्रत्येक ओळ वॉकरच्या एखाद्या चित्राचं नाव होऊ शकते, हे मला त्याहून अधिक अस्वस्थ करतं. 'भांडी घासणं, साडेनऊ ते दहा.' फरक एवढाच की रकाना भरणाऱ्याला बाईच्या पाठीवर पडलेला प्रकाश लिहायला जागा नसते.

वॉकर १९८२ मध्ये फाइफ परगण्यातल्या डनफर्मलिनला जन्मली. एडिनबरोहून फोर्थची खाडी ओलांडली की हे गाव लागतं. एके काळची स्कॉटलंडची राजधानी. रॉबर्ट द ब्रूस हा राजा तिथल्या मठात पुरलेला आहे. पण व्यापारी जगात डनफर्मलिनचं नाव झालं ते कापडाने. लिननच्या धाग्यात पांढऱ्यावर पांढरी वेलबुट्टी विणलेलं डमास्क कापड, म्हणजे मेजावर अंथरायचे कपडे, रुमाल, घरगुती चादरींची मिजास, हे या गावाचं वैशिष्ट्य. पुढे अमेरिकेत पोलादसम्राट झालेला अँड्र्यू कार्नेगी याच गावातल्या हातमागावरच्या विणकराचा मुलगा. वाफेवरचे माग आले, बापाचं काम बुडालं आणि १८४८ मध्ये कुटुंब बोटीत बसलं. घरोघरच्या मेजांवर अंथरायला कापड पुरवणाऱ्या या गावातली मुलगी जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी चादरी आणि अभ्रे रंगवते, आणि रंगवते तेही चौकटीवर ताणलेल्या लिननवरच. हे तिने ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. योगायोग आहे, पण चित्र पाहताना तो मनातून जात नाही.

ग्लासगो स्कूल ऑफ आर्ट आणि मग लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट असं तिचं शिक्षण झालं. आईपर्यंत ती पोचली ती बराच वळसा घालून. त्याआधीची कित्येक वर्षं ती परक्या बायका रंगवत होती: नखं रंगवून देणाऱ्या दुकानांत टेबलावर वाकलेल्या मुली, हॉटेलांतल्या खोल्या लावणाऱ्या बायका, शिवणकाम करणाऱ्या, काउंटरमागच्या. पुरुष तिच्या चित्रांत क्वचितच दिसतो. यातल्या बहुतेक बायका जे करतात ते मुळात घरातलंच काम आहे. चादर घालणं, पुसणं, दुसऱ्याच्या शरीराची निगा राखणं. फक्त त्याचे पैसे मिळतात, तेही बेताचेच. 'जॅनेट'मध्ये तीच कामं आली आणि पगार गेला.

मधला एक टप्पा सांगायलाच हवा. लंडनमध्ये आसरा शोधत आलेल्या काही निर्वासित बायकांना त्या राहत होत्या तिथे जाऊन वॉकरने रंगवलं. कुणाची तात्पुरती खोली, कुणाचा दुसऱ्याच्या घरातला कोपरा. चित्रमालेचं नाव 'होम', आणि ती २०१८ मध्ये लागली केंब्रिजच्या केटल्स यार्डमध्ये. हे ठिकाण मुळात जिम ईड नावाच्या कलासंग्राहकाचं राहतं घर. ईड पतिपत्नी तिथे चित्रं, शिल्पं आणि समुद्रावरून वेचून आणलेले गोटे मांडून राहत. अत्यंत सुरेख, शांत, मनासारखं मांडलेलं घर. ज्यांना घर नाही त्यांची चित्रं ज्याला हवं तसं घर मिळालं होतं त्याच्या आवारात! वॉकरची चित्रं जिथे टांगली जातात ती इमारत चित्रांशी भांडते किंवा बोलते, हे एकदा लक्षात आलं की मग प्रत्येक प्रदर्शनाचा पत्ता तपासावासा वाटतो.

इंगल्बी गॅलरीचा पत्ता तर फारच बोलका आहे. २०१८ पासून ती बॅरनी स्ट्रीटवरच्या एका जुन्या प्रार्थनागृहात आहे. १८३०च्या दशकात बांधलेली ही वास्तू ग्लासाइट नावाच्या छोट्या पंथाची. जॉन ग्लास या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चपासून फारकत घेऊन तो काढला. विजेचा अभ्यासक मायकेल फॅरडे याच पंथाच्या लंडनमधल्या शाखेतला. या मंडळींची प्रार्थना लांबलचक चालायची, म्हणून सकाळ आणि दुपारच्या सभांच्या मधे सगळे एकत्र जेवायला बसत. पंगतीला केल नावाच्या कोबीवर्गीय भाजीचं गरम सार असायचं. त्यावरून लोकांनी त्यांच्या देवळाचं नावच 'केल कर्क', म्हणजे भाजीच्या साराचं देऊळ, असं पाडलं. इमारतीत जेवणाची खोली वेगळी आहे आणि गॅलरीवाले तिला आजही मेजवानीची खोली म्हणूनच ओळखतात. मुख्य दालनाला बाहेरून खिडक्यांचे आकार दिसतात, पण त्या आंधळ्या खिडक्या, चिणलेल्या. उजेड येतो तो वरून, काचेच्या घुमटातून.

खिडकी नसलेल्या त्या दालनात आईची चित्रं लागली, आणि त्या चित्रांत जिकडेतिकडे खिडक्या, दारं, आरसे. जिथे एका काळी कुणीतरी दर रविवारी साऱ्या मंडळीसाठी सार उकळत होतं (आणि ते कुणी उकळलं याची नोंद कुठल्याही धर्मग्रंथात नसते), तिथे एक बाई फिशकेक थापते आहे.

आता उभं राहण्याच्या जागेकडे येऊ.

वॉकरची कामाची रीत अशी. ज्या ठिकाणचं चित्र काढायचं तिथे ती कॅमेरा घेऊन जाते आणि फोटो काढते, शेकड्याने. मग स्टुडिओत बसून निवड. निवडलेल्या फोटोवरून आधी रेखाटनं, मग छोटी तैलरंगातली कच्ची चित्रं, आणि शेवटी मोठा कॅनव्हास. मोठा म्हणजे काही वेळा माणसाच्या उंचीहून मोठा. फोटोवरून काढलं असलं तरी चित्र फोटोसारखं गुळगुळीत नसतं. रंग पातळ, ओघळता, कुंचला सैल. टॉवेलची घडी दोन फटकाऱ्यांत उभी राहते, स्टीलच्या नळावरची चकाकी एका ठिपक्यात. जवळ गेलं तर रंगाचे पट्टे, चार पावलं मागे आलं की ओलसर बेसिन.

आणि या चित्रांत आई बहुतेक वेळा कशाच्या तरी पलीकडे असते. दाराच्या चौकटीपलीकडे, काचेपलीकडे, बागेतून आत पाहावं तशी. तिची नजर कामावर. ती आपल्याकडे पाहत नाही. व्यक्तिचित्राचा साधा नियम असा की ज्याचं चित्र काढायचं तो बसतो, सावरतो, पाहतो. इथे बसायला फुरसत कुणाला आहे? चेहरा अर्धवट दिसतो, पण पाठीचा बाक, कोपर, मान कोणत्या कोनात वळते हे सगळं दिसतं. आईला गर्दीत ओळखायचं तर आपण चेहऱ्यावरून ओळखत नाही, चालीवरून आणि खांद्यावरून ओळखतो. वॉकरचा भर त्या ओळखीवर आहे.

दारातून दार दाखवण्याची ही युक्ती सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची. डच भाषेत त्याला खास शब्दही आहे, 'दोरकायक्ये', म्हणजे पलीकडे डोकावणं. पीटर डी होख हा त्यातला उस्ताद. अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्ये त्याचं 'आईचं कर्तव्य' या नावाने ओळखलं जाणारं चित्र आहे. कर्तव्य कोणतं, तर मुलाचं डोकं मांडीत घेऊन उवा पाहणं! मागच्या खोलीचं दार उघडं, तिथून ऊन आत आलेलं, आणि एक कुत्रं पाठमोरं बसून त्या उन्हाकडे पाहतंय. आपल्याकडे दुपारी ओसरीवर घरोघर चालणारा हा कार्यक्रम साडेतीनशे वर्षांपूर्वी एका मोठ्या चित्रकाराला चर्चमधल्या प्रसंगाइतका गंभीरपणे रंगवावासा वाटला, ही मला कलेच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते.

पण मला त्याचं दुसरं एक चित्र जास्त महत्त्वाचं वाटतं, १६६३ चं. दोन बायका एका भल्यामोठ्या लाकडी कपाटापाशी उभ्या आहेत आणि धुतलेल्या लिननच्या घड्या त्यात रचताहेत. संपन्न डच घरात अशा घड्या म्हणजे शिलकीची पेढीच. चित्र त्या घड्यांचं आहे, आणि मागे दाराशी, उजेडात, एक मूल हातात काठी घेऊन चेंडू खेळतंय. खेळाचं नाव कोल्फ. गोल्फचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. (वॉकरच्या फाइफमध्येच सेंट अँड्र्यूज आहे, गोल्फची पंढरी.) बायकांचे हात भरलेले, मुलाचे हात खेळात. ते उंबरठ्याशी आहे: घरात आहे, कामात नाही.

ते मूल मोठं होऊन हातात काठीच्या जागी कॅमेरा घेतं, तेव्हा 'जॅनेट'सारखं प्रदर्शन होतं, असं मला वाटतं. चित्रात न दिसणारी मुलगी प्रत्येक चित्रात दाराशी उभी आहे. आईच्या कामाकडे आपण पाहत नाही कारण ते आपल्यासाठी चाललेलं असतं. ते दिसायला लागायचं तर त्यातून थोडं बाहेर पडावं लागतं, घर सोडून पाहुण्यासारखं परत यावं लागतं. आणि पाहायला उभं राहिलं की दुसरी पंचाईत. दुसरी उशी द्यायची की फोटो काढायचा? वॉकरने फोटो काढला. तिच्या चित्रांत मायेबरोबर थोडी टोचणी आहे ती इथून आलेली, असं मी वाचतो. चित्रकर्तीने असं म्हटलेलं नाही. चौकटी म्हणतात.

माझी एक शंकाही नोंदवून ठेवतो. मी ही चित्रं छापील आणि पडद्यावरच्या प्रतिमांत पाहिली आहेत. कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर काय वाटेल ते वेगळं. पण प्रतिमेतही एक गोष्ट खुपते: हे सगळं फार सुंदर दिसतं. दिव्याचा मधासारखा उजेड, ओल्या काचेची निळाई. बेसिन घासताना कंबर भरून येते, हात फेसाने चुरचुरतात, आणि उद्या पुन्हा तेच करायचं असतं. तो कंटाळा रंगाच्या या लालित्यात कुठे जातो? शिवाय घर खाऊनपिऊन सुखी आहे, चादरी बदलायला दुसऱ्या चादरी आहेत. अमेरिकन कलावती मिअर्ल लेडरमन उकलिस हिने मूल झाल्यावर, १९६९ मध्ये, निगा राखण्याच्या कामालाच कला म्हणणारा जाहीरनामा लिहिला आणि १९७३ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका संग्रहालयाच्या पायऱ्या स्वतः ओणवं बसून पाण्याने धुतल्या. तिने चित्र काढून ते काम देखणं केलं नाही, पाहणाऱ्यांना पायऱ्यांवर अडवलं. त्या कठोरपणाशेजारी वॉकर मवाळ वाटते. यावर वॉकरच्या बाजूने एवढं म्हणता येईल की सौंदर्य नसतं तर आपण त्या बेसिनसमोर दहा सेकंदही थांबलो नसतो. हे उत्तर मला पटतं. पुरेसं वाटत नाही.

'जॅनेट'नंतर चित्रकर्ती स्वतःच्या पिढीकडे वळली. २०२२ मध्ये लंडनच्या स्टीफन फ्रीडमन गॅलरीत 'लिसा' हे प्रदर्शन झालं. लिसा ही तिची भावजय. पोट पुढे आलेलं असल्यापासून बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत तिची चित्रं. अर्धवट झोप, पसरलेले कपडे, रात्री दिव्याखाली पाजणं. इथे बेर्त मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीची आठवण येणं अपरिहार्य आहे. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात मोरिझोचं 'पाळणा' हे चित्र होतं: पांढऱ्या झिरझिरीत पडद्याआड झोपलेलं बाळ आणि गालाला हात लावून त्याच्याकडे पाहणारी आई. ती आई मोरिझोची बहीण एडमा. एडमासुद्धा चित्रकार होती. दोघी बहिणी एकत्र शिकल्या, लूव्हरमध्ये शेजारी बसून चित्रांच्या नकला केल्या, कोरोसारख्या गुरूकडे गेल्या. १८६९ मध्ये एडमाने एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि तिचा कुंचला जवळजवळ सुटलाच. म्हणजे पाळण्याशेजारी बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जो थकवा आणि जो विचार आहे, तो रंगवणारीला नेमका कळत होता. तीच तिथे बसलेली असू शकली असती. चित्र त्या वेळी विकलं गेलं नाही. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे आणि लोक त्याला मातृत्वाचं गोड चित्र म्हणतात. गोड?

'लिसा'च्याच वर्षी, लंडनमध्येच, वॉकरचं 'बर्थ रिफ्लेक्शन्स' झालं. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात राहून वॉकरने सुईणी, नर्सेस, शस्त्रक्रियागृह यांची चित्रं केली. त्यातलं सिझेरियनचं मोठं चित्र पाहताना निळ्या-हिरव्या कपड्यांच्या गर्दीत मूल कुठे आहे ते शोधावं लागतं. प्रदर्शनाची जागा फिट्झरोव्हिया चॅपेल. पूर्वीच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचं हे प्रार्थनास्थळ. रुग्णालय पाडलं गेलं, सोनेरी मोझेकच्या छताचं हे चॅपेल तेवढं उरलं. मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मलेला रड्यार्ड किपलिंग १९३६ मध्ये मिडलसेक्सलाच वारला आणि त्याचं शव याच चॅपेलमध्ये ठेवलं होतं. मृतांना निरोप द्यायच्या त्या जागी आता जन्माची चित्रं.

मराठी वाचकाला या सगळ्यासोबत आठवावं असं एक चित्र आहे. सावळाराम हळदणकरांची 'दिवा हातात घेतलेली स्त्री', जिला बरेच जण राजा रविवर्म्याची समजतात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते जलरंगातलं चित्र आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीआड, बोटांमधून झिरपणारा उजेड. ती हळदणकरांची मुलगी गीता. बापाने मुलीला उभं केलं, ती तासन्‌तास न हलता उभी राहिली, आणि आपल्याला एक अजरामर आकृती मिळाली. गीताबाई उपळेकर २०१८ मध्ये शंभरी ओलांडून गेल्या. त्या चित्रात कसलं काम नाही. दिवा घासणं, वात वळणं, तेल घालणं हे सगळं आधीच कुणीतरी उरकलेलं आहे. बाप मुलीला रंगवतो तेव्हा ती मूर्ती होते, मुलगी आईला रंगवते तेव्हा ती कामात असते. नियम म्हणून हे टिकणार नाही, पण ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली तर विचार करायला भाग पाडतात.

ठाण्याचे सुधीर पटवर्धन तिसऱ्याच जागी उभे राहतात. १९७५ पासून तीस वर्षं त्यांनी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि त्याच काळात इराणी हॉटेलं, लोकल, लोअर परळ, पुलांवरची माणसं रंगवली. रस्त्यावरच्या माणसाचा एवढा मोठा चित्रकार २०११ मध्ये 'फॅमिली फिक्शन' नावाचं प्रदर्शन करतो, तेव्हा त्या नावातला दुसरा शब्द वाचायला हवा. कुटुंब म्हणजे आपण एकमेकांबद्दल रचलेली कथा. वॉकर मात्र कथा टाळते. तिच्या चित्रात पुढे काय झालं असा प्रश्नच येत नाही. पुढे दुसरी उशी असते.

२०२५ च्या मे महिन्यात वॉकरचं 'मदरिंग' हे मोठं प्रदर्शन वेकफील्डच्या हेपवर्थ संग्रहालयात उघडलं. बाळंतपण, सुईणी, पाळणाघरातल्या बायका, घर असा सगळा ऐवज त्यात एकत्र आला. पत्ता पुन्हा बोलका. वेकफील्ड हे शिल्पकार बार्बरा हेपवर्थचं जन्मगाव. १९३४ मध्ये तिला तिळं झालं. त्यातली एक मुलगी पुढे हाडांच्या दुखण्याने रुग्णालयात होती; तिच्यावर उपचार करणाऱ्या सर्जनशी ओळख वाढली आणि त्याच्या बोलावण्यावरून हेपवर्थ शस्त्रक्रियागृहात जाऊन उभी राहू लागली. १९४७ ते १९४९ या काळात तिने तिथे पाहिलेल्या डॉक्टर-नर्सेसची चित्रं केली. मास्कवरचे डोळे, आणि कामात गढलेले हात.

'जॅनेट'मधली चित्रं समोर आली तर एक करून पाहा. आधी शेजारची पट्टी वाचा, म्हणजे वेळ आणि महिना कळेल. मग आईकडे पाहण्याआधी चित्राच्या कडेला चौकट कुठे आहे, काच कुठे आहे, फरशी कुठून सुरू होते ते बघा. मुलगी तिथे उभी होती. तिच्या हातात कॅमेरा होता, आणि दुसरी उशी अजून पलंगावरच होती.